दिल्लीचे अंतर तेच, वेळ मात्र घाटात जातो

बेळगावच्या खासबागेतून दिल्लीला विमानाने निघणाऱ्या प्रवाशासमोर दोन पर्याय असतात. सांबरा विमानतळ दहा-बारा किलोमीटरवर आहे, तर पेडणे तालुक्यातील मोपा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सरळ हवाई रेषेत सांबऱ्याहून दिल्ली सुमारे १,४३५ किलोमीटर भरते आणि मोपाहून सुमारे १,४६५. हा तीस किलोमीटरचा फरक जेट विमान दोन-तीन मिनिटांत कापते. दोन्हीकडून थेट उड्डाणास अडीच तासांच्या आसपास वेळ लागतो. तरीही एकूण प्रवासात अडीच-तीन तासांची तफावत पडते. ती आकाशात नव्हे, चोर्ला किंवा आंबोली घाटात पडते.

असे असूनही बेळगावकर मोपाकडे का वळतो, याचे उत्तर अंतरात नसून वेळापत्रकात आहे. सांबऱ्याला सप्टेंबर २०१७ मध्ये नवी टर्मिनल इमारत मिळाली. पण २०१८ मध्ये हुबळीत ‘उडान’ योजनेतील सेवा सुरू होताच बेळगावची विमाने तिकडे वळली. जानेवारी २०१९ मध्ये ‘उडान’च्या तिसऱ्या टप्प्यात बेळगावचा समावेश झाला आणि नवे मार्ग खुले झाले. मात्र या योजनेतील अनुदानाची मुदत तीन वर्षांची असते. त्यानंतर प्रवाशांच्या बळावर मार्ग टिकला नाही, तर विमान कंपनी काढता पाय घेते. बेळगावातील काही मार्गांचे तसेच झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये दिल्लीची थेट सेवा मिळाली, ही त्यातली जमेची बाजू.

दिवसाला एकच उड्डाण असलेल्या मार्गावर ते रद्द झाले, तर अडीच तासांचा प्रवास दुसऱ्या दिवसावर जातो. मोठ्या विमानतळावर पुढचे विमान काही तासांत मिळू शकते. या खात्रीसाठीच प्रवासी घाट उतरण्याचा त्रास पत्करतो.

गोव्याने याकडे शेजारच्या जिल्ह्याचा प्रश्न म्हणून पाहू नये. जानेवारी २०२३ पासून मोपावर विमाने उतरू लागली. दाबोळीच्या धावपट्टीवर नौदलाचे नियंत्रण असल्याने नागरी उड्डाणांच्या वेळांना मर्यादा येतात. मोपाला ती अडचण नाही. उत्तर टोकावरील या विमानतळाचे प्रवासी गोव्यापुरते मर्यादित नाहीत; सिंधुदुर्ग आणि बेळगावही त्याच्या कक्षेत येतात. पण पावसाळ्यात दरड कोसळली वा झाड आडवे पडले, की ही कक्षा घाटमाथ्यावरच तुटते.

धावपट्टीवर कोट्यवधी खर्च करून तिथे पोहोचण्याचा रस्ता दुर्लक्षित ठेवणे परवडणारे नाही. चोर्ला मार्ग गोवा आणि कर्नाटकातून जातो, आंबोलीचा घाट महाराष्ट्रात येतो. तिन्ही राज्यांनी पावसाळ्यापूर्वी संयुक्त देखभाल करावी आणि विमानांच्या वेळा साधणारी बेळगाव–मोपा बससेवा द्यावी, ही मागणी अवाजवी नाही. हवाई अंतर कमी करणे कोणाच्याच हाती नाही. जमिनीवरचा वेळ कमी करणे मात्र सरकारांच्या हाती आहे.