बी वाहणाऱ्यांची बाजू

माकड अर्धं फळ खातं आणि अर्धं टाकतं, त्याच्या हाती नासधुशीशिवाय काही नाही, हे मत आपल्याकडे इतकं रुजलंय की त्याला कुणी पुरावा मागत नाही. कोकणातल्या बागायतदाराने ते बोलून दाखवलं तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. वर्षभर राखलेली बाग वानर-माकडांनी एका सकाळी उजाड केलेली ज्याने पाहिली, त्याचं नुकसान खरं आहे आणि त्याची भरपाई त्याला मिळायलाच हवी. पण बागेतला हा निवाडा उचलून उष्ण कटिबंधातल्या वर्षावनावर लादला जातो, तेव्हा त्याचं खंडन करावंच लागतं. बागेत झाड माणूस लावतो. वर्षावनात ते कोण लावतं?

कुणीच लावत नाही, असं उत्तर मिळतं. फळ पिकलं की खाली पडतं, बी मातीत जाते, रोप उगवतं. यात माकडाचं काम काय? पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर जीवशास्त्रज्ञ हेन्री हाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांनी निवडलेलं झाड व्हायरोला, आपल्या जायफळाच्या कुळातलं. फळ उकललं की बीभोवती तशीच लालभडक जायपत्री दिसते आणि ती खायला टूकन पक्षी येतात, स्पायडर मंकी येतात. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, झाडाखाली पडलेल्या बियांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक १२ आठवड्यांत मेल्या. सोंडकिड्यांनी पोखरल्या, प्राण्यांनी कुरतडल्या. अवघ्या ४५ मीटरवर नेलेल्या बीची जगण्याची शक्यता मात्र झाडाखालच्या बीच्या ४४ पट होती. डॅनियल जान्झेन यांनी १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली याची कारणमीमांसा आधीच मांडून ठेवली होती. त्या त्या जातीचे खास शत्रू, म्हणजे किडे आणि बुरशी, मोठ्या झाडाच्या आसपासच दाटलेले असतात. तिथून दूर जाणं ही बीच्या जगण्याची पहिली अट आहे.

मग पक्षी आणि वटवाघळं आहेतच की, हा दुसरा आक्षेप. आहेत, पण ती कुणाच्या बिया वाहतात? अ‍ॅमेझॉनमधली फळं खाणारी वटवाघळं बहुतांशी बारीक बिया वाहतात. सेक्रोपियासारखी झाडं आणि मिरीच्या कुळातली झुडपं त्यांच्यामुळे पसरतात. ऊन मिळालं की झपाट्याने वाढणाऱ्या या वनस्पती. पक्ष्याला गिळता येईल एवढीच बी तो नेतो, आणि जाड सालीची फळं फोडणं बहुतेक पक्ष्यांना जमत नाही. तिथे स्पायडर मंकी आणि वूली मंकी ही मोठी माकडं लागतात. स्पायडर मंकीचं वजन सात ते नऊ किलो, आणि त्याचा मुख्य आहार पिकलेली फळं. गर ओरबाडून बी टाकण्यात तो वेळ घालवत नाही, बीसकट गिळतो. काही तासांनी ती बी विष्ठेतून शाबूत बाहेर पडते, तोवर टोळी शेंड्याशेंड्यांवरून शेकडो मीटर पुढे गेलेली असते. त्या विष्ठेवर शेणकिडे तुटून पडतात. ते ती जमिनीत पुरतात आणि तिच्याबरोबर बियाही पुरल्या जातात, म्हणून उंदीर-घुशींच्या दातांतून त्या वाचतात. एलेन आंद्रेसन यांनी हा क्रम अ‍ॅमेझॉनमध्ये बारकाईने तपासला आहे. टाकलेल्या फळांचं म्हणाल, तर त्यांवर जमिनीवरचे घुशीसारखे अगुटी आणि रानडुकरांसारखे पेकारी जगतात. अगुटी बिया पुरून ठेवतो, आणि उकरायच्या राहिलेल्या बियांतून काही रुजतात. यात नासधूस कुठे आहे?

आता आमच्या बाजूने होणारी अतिशयोक्तीही खोडली पाहिजे. १९७७ साली स्टॅन्ली टेंपल यांनी मॉरिशसमधलं एक झाड डोडो पक्षी नष्ट झाल्यामुळेच रुजेनासं झालं, असं मांडलं. पुढे ते टिकलं नाही. डोडोनंतर जन्मलेली झाडं सापडली आणि बिया त्याच्याविनाही रुजू शकतात हे दिसलं. तरी ती गोष्ट भाषणांतून सांगितली जातेच. सगळी माकडं बिया पसरवतात हेही खरं नाही. दक्षिण अमेरिकेतली साकी माकडं बिया फोडून खातात. युगांडातल्या किबाले जंगलातली लाल शेपटीची माकडं गालाच्या पिशवीत फळं भरतात आणि बी बहुधा जवळपासच थुंकतात. आपल्या वानराचं पोट पानं पचवायला घडलेलं, त्यात अनेक बिया नष्ट होतात. माझा दावा मर्यादित आहे: जी मोठी माकडं बी गिळून दूर नेतात, ती गेली की जंगलाची पुढची पिढी बदलते.

या दाव्याचा पुरावा पेरूच्या मानू भागात आहे. १९७३ साली स्थापन झालेल्या मानू राष्ट्रीय उद्यानातल्या जंगलात मोठी माकडं भरपूर आहेत. त्याच प्रदेशात बंदुकीने ती संपवलेली जंगलंही आहेत. मान वर करून पाहिलं तर दोन्हीकडे तीच उंच झाडं, कारण ती माकडं असतानाच रुजलेली. २००७ साली गाब्रिएला नुन्येझ-इतुर्री आणि हाव यांनी खाली वाकून रोपं मोजली. माकडांकडून पसरणाऱ्या झाडांची रोपं शिकारीच्या जंगलात निम्म्याहूनही कमी भरली, आणि वाऱ्यासारख्या इतर मार्गांनी पसरणाऱ्या झाडांची वाढली. केंट रेडफर्ड यांनी १९९२ साली अशा जंगलाला 'रिकामं जंगल' म्हटलं होतं.

त्याची किंमत हवामानालाही मोजावी लागते. मोठ्या बियांची, प्राण्यांवर अवलंबून असलेली झाडं अ‍ॅमेझॉनमध्ये बहुधा जड लाकडाची असतात, आणि जड लाकडात कार्बन जास्त साठतो. कार्लोस पेरेस आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली हजारो भूखंडांच्या नोंदींवरून हिशेब मांडला. मोठी माकडं आणि डुकरासारखे दिसणारे मोठे टॅपिर शिकारीत संपले तर जंगलाचा जैवभार, म्हणजे झाडांचं एकूण वजन, सरासरी २.५ ते ५.८ टक्के घटेल, काही ठिकाणी त्याच्या कितीतरी पट. आग्नेय आशियात हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तिथले डिप्टेरोकार्प कुळातले महावृक्ष वाऱ्यावर पसरतात. हे मान्य करूनही अ‍ॅमेझॉनचं नुकसान कमी होत नाही.

शिकार म्हटली की जंगलात राहणाऱ्यांना हाकला अशी हाक उठते. तीही चूक आहे. मानूमध्ये मात्सिगेंका लोक राहतात, माकडांची शिकार करतात, पण धनुष्यबाणाने. उद्यानात बंदुकीला बंदी आहे. तिथे शिकारीचा परिणाम मुख्यतः वस्त्यांच्या आसपास राहतो. खरा घाव बंदूक आणि मांसाचा बाजार एकत्र आले की बसतो. एका काडतुसात जास्त मांस म्हणून सगळ्यांत आधी मोठं माकड पडतं. स्पायडर मंकीची मादी साधारण तीन वर्षांतून एकच पिल्लू देते. ही तूट भरून निघायची कशी?

उरला शेवटचा युक्तिवाद: माकडं गेली तर आपण झाडं लावू. रिओ दि जानेरोच्या तिजुका टेकड्यांवर कॉफीच्या मळ्यांनी जंगल संपवलं आणि शहराचं पाणी आटू लागलं, तेव्हा १८६१ पासून तिथे हजारो झाडं लावली गेली, तीही सुरुवातीला गुलामांच्या हातून. आज तिथे घनदाट जंगल आहे. तरी ते अपुरंच होतं, कारण मोठ्या बिया वाहणारं कुणी उरलं नव्हतं. संशोधकांनी आधी अगुटी आणून सोडले, २०१५ साली हाउलर माकडं सोडली. ती तिथून शंभराहून अधिक वर्षं नाहीशी होती. त्यांच्या विष्ठेतल्या बिया तिथले शेणकिडे पुन्हा पुरू लागले. दीडशे वर्षांच्या लागवडीला जे जमलं नव्हतं, ते काम त्यांनी सुरू केलं.

म्हणून वर्षावनाच्या रक्षणात मोठ्या माकडांना झाडांइतकाच मान हवा, शिकारबंदीवर झाडतोडबंदीइतकाच खर्च हवा. आपल्या देशातला वनअहवालही एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून जास्त छत्र दिसलं की ते वनाच्छादन धरतो, मग ती लागवड का असेना. तो आकडा वाढल्याची बातमी वाचाल तेव्हा तेवढ्यावर समाधान मानू नका. त्या जंगलात फळं खाऊन बिया दूर नेणारे किती प्राणी-पक्षी उरलेत, हेही मोजून छापा, अशी मागणी करा.