सदरा वर करून पाहा

माघ सरून शिमग्याचे वेध लागले, की भोर-वेल्ह्याच्या मुलखात पानगळीइतक्याच नेमाने कांजिण्याही हजेरी लावतात. परवा तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यात, मामेबहिणीकडे गेलो असता तिचा चार वर्षांचा नातू दोन दिवसांपासून किरकिरत होता. अंगात कणकण, अन्नावर वासना नाही आणि कानामागे एक तांबडी पुटकुळी, जी घरातल्या तरुण मंडळींनी केव्हाच डासाच्या खाती जमा करून टाकली होती. बहिणीच्या सासूबाईंनी मात्र पोराला ओसरीच्या उजेडात उभे केले, सदरा वर करून पाठ निरखली आणि निकाल दिला, "कांजिण्या हैत. देवी न्हवं."

सासूबाई नव्वदीच्या घरात. माहेर भोरचे, आणि दंडावर संस्थानी अमदानीत टोचलेल्या देवीचा वण. देवीचे फोड चेहऱ्यावर व हातापायांवर दाट आणि सारे एकाच वयाचे. कांजिण्या पोटापाठीवर दाट आणि टप्प्याटप्प्याने उठणाऱ्या, म्हणून वीतभर जागेत तांबडा ठिपका, दवबिंदूसारखा पाणीदार फोड आणि सुकलेली खपली अशा तीन पिढ्या एकत्र नांदताना दिसतात. हा भेद हेबर्डन नावाच्या वैद्याने 1767 साली लंडनच्या वैद्यसभेपुढे मांडला. सासूबाईंना तो प्रत्यक्ष रोगी पाहून कळला होता. 1975 नंतर या देशातून देवी गेली, आणि तिच्याबरोबर अंग उघडून पाहण्याची ती चौकस सवयही मागे पडली. ती पुन्हा लावून घेतली पाहिजे, कारण तळहात, तळपाय आणि तोंडातच फोड असतील, तर तो कांजिण्यांचा नव्हे, दुसऱ्याच विषाणूचा उपद्रव असण्याचा संभव अधिक.

कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्यापूर्वी एकदोन दिवस सुरू होतो आणि शेवटची खपली धरेपर्यंत टिकतो. संपर्कानंतर लक्षणे उमटण्याची मुदत दहा ते एकवीस दिवसांची. दारावर निंबाचा डहाळा खोचण्याची जुनी रीत म्हणजे शेजाऱ्यांना दिलेली बिनकागदी इत्तलाच होती, ती खुशाल पाळावी. मात्र स्नान आणि औषध वर्ज्य मानण्याची रीत सोडून द्यावी. नखे कापावीत, तापावर अ‍ॅस्पिरिन कदापि देऊ नये. धाप, गुंगी, वारंवार वांत्या किंवा फोडांत पू दिसल्यास मुलाची तत्काळ दवाखान्यात रवानगी करावी. आणि गर्भवती, तान्ही मुले व ज्यांना हा आजार कधी झालेला नाही अशी वडील माणसे, यांना रोग्यापासून दूर ठेवण्याचा बंदोबस्त सर्वांआधी करावा, कारण मुलांना सौम्य असणारा हा आजार त्यांच्याशी तितक्या सौम्यपणे वागत नाही.

एवढ्यात शेजारची सून पेजेची वाटी घेऊन अंगणात आली; तिला सातवा महिना लागलेला. सासूबाई जागच्या उठल्या, "पोरी, तितंच थांब," म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून पाहू लागल्या. माझ्या कांजिण्या लहानपणीच येऊन गेल्या होत्या. वाटी मी आत आणली.