शेगडी पेटवायची कशाने?

भगिनींनो, कारंजा लाडच्या कपाशी-तुरीच्या मुलखात कोळशाची शेगडी पेटवायला रॉकेल हवे कशाला? वावरातल्या तुराट्या आहेतच. वाळलेल्या तुराटीच्या वीतभर काड्या आडव्या-उभ्या रचा, वर गोवरीचा तुकडा आणि बारीक कोळसे ठेवा. खालून हवा खेळू द्या. कोळशांवर पांढरी राख चढली, की वांगी भाजायला घ्या.

धुमसत्या कोळशांवर रॉकेल वा पेट्रोल कधीही ओतू नका. त्याची वाफ होऊन एकदम भडका उडतो. प्लॅस्टिक किंवा फवारणीच्या औषधांचे खोके जाळू नका. त्यांचा धूर विषारी असतो.

थंडीत पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच जीव जातो.