पाटावरचा नाग, बांधावरचा साप

आज श्रावण शुद्ध पंचमी. घरोघरी पाटावर गंधाने नाग रेखले जातील, दूध-लाह्यांचा नैवेद्य होईल, अनंतापासून कालियापर्यंत नवनागांचे स्मरण होईल. परंतु ज्या भूमीवर आपण हे पूजन करतो, तेथील सर्पकुळाची नावे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत? सरपटत येईल तो साप आणि साप दिसला की काठी, एवढेच आपले ज्ञान!

वास्तविक महाराष्ट्राची भूमी जशी पालटते, तसे तिचे सापही पालटतात. रत्नागिरीकडील जांभ्याच्या कातळावर दगडाखाली फुरसे दडलेले असते. सह्याद्रीच्या झाडीत हिरवा चापडा पानांत मिसळून जातो; त्याच डोंगरांच्या ओलसर मातीत खापरखवल्या गांडुळांवर गुजराण करतो. देशावरच्या कोरड्या, भुसभुशीत जमिनीत मांडूळ, तळ्याकाठी दिवड, बांधावर धामण. नाग, मण्यार व घोणस यांचा वावर दूरवर पसरलेला. नागराज मात्र सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागातील आणि गोव्यातील घनदाट रानांतच आढळतो. पश्चिम घाटातील हा नागराज स्वतंत्र जातीचा असल्याचे २०२४ साली शास्त्रज्ञांनी मांडले आणि ‘कालिंग’ हे त्याचे कन्नड लोकनाव शास्त्रात रूढ केले.

यांपैकी खापरखवल्या, मांडूळ, दिवड आणि धामण पूर्णतः बिनविषारी. धामण तर उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखते. तरीही नाग समजून अनेकदा तिचाच बळी जातो. अज्ञानाची दुसरी बाजू याहून दारुण आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर प्रतिसर्पविष उपलब्ध असताना कित्येक रुग्ण आधी मांत्रिकाकडे नेले जातात आणि मोलाचा वेळ हातचा जातो.

आज नांगर धरू नये, जमीन खणू नये, या दंडकामागे मातीतल्या जीवांना अभय देण्याचाच भाव आहे, असे आम्ही मानतो. गारुड्याच्या टोपलीतील दात उपटलेल्या, उपाशी नागापुढे दूध ठेवणे त्या भावाशी विसंगत आहे. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नागाला असे पकडून बाळगणे गुन्हा आहे. पूजा पाटावरील नागाचीच करावी. घरात साप निघाल्यास वनखात्यास कळवावे, दंश झाल्यास तडक रुग्णालय गाठावे. आणि सायंकाळी नवनागांच्या नावांपाठोपाठ मुलांना आपल्या शिवारातील चार सापांची नावेही सांगावीत. ज्याला आपण नावाने ओळखतो, त्याच्यावर हात सहसा उगारला जात नाही.