कणा आणि खिसा
पाठीचे मणके स्क्रू-सळ्यांनी सांधताना मज्जारज्जूस इजा झाली, तर रुग्ण कायमचा पांगळा होऊ शकतो. ती वेळीच ओळखण्यासाठी १९७३ साली फ्रान्सच्या स्ताग्नारा व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या मध्यावरच रुग्णास जागे करून पाय हलवावयास सांगण्याची चाचणी मांडली. आज विद्युत्-संकेतांद्वारे मज्जारज्जूवर अखंड पहारा ठेवता येतो. संकेत क्षीण होताच शल्यविशारद सावध होतो. प्रत्येक शस्त्रक्रियेस या पहाऱ्याची गरज नसते, हे खरे. पण ती गरज रोगाने ठरवावयाची की रोग्याच्या खिशाने? नागपूरच्या कळमना बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाचा कणा कोणाहून स्वस्त नाही. जेथे जेथे सरकारी रुग्णालयात मणके सांधले जातात, तेथे हे यंत्र आणि त्याचा तंत्रज्ञ सरकारी खर्चानेच मिळाला पाहिजे. ही दया नव्हे, हक्क आहे!