भिक्षा, मजुरी आणि आर्चबिशप रोमेरो

संस्थेतील बढती माणसाला लोकांपासून दूर नेते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. तो केवळ धर्मसंस्थेचा नाही. पक्ष, कामगार संघटना आणि सहकारी संस्था यांचाही तोच आहे. गावातील चर्चचा धर्मगुरू बिशप झाला की त्याच्या दारातला शेतमजूर मागे सरतो आणि मंत्री, कारखानदार, राजदूत पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसतात. मध्य अमेरिकेतील एल साल्व्हादोर या चिमुकल्या देशात ऑस्कर रोमेरो यांच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडले. ते का घडले याचे जे उत्तर नेहमी दिले जाते, ते तपासल्याशिवाय स्वीकारण्याजोगे नाही.

ते उत्तर असे. रोमेरो हे पुराणमताचे, भिडस्त, पुस्तकात रमणारे धर्मगुरू. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते राजधानी सान साल्व्हादोरचे आर्चबिशप झाले, तेव्हा कॉफीचे मळेवाले खूष झाले आणि पुरोगामी धर्मगुरू हिरमुसले. तीन आठवड्यांच्या आत, १२ मार्चला, आगिलारेस या उसाच्या पट्ट्यात शेतमजुरांमध्ये काम करणारे त्यांचे मित्र, जेझुइट धर्मगुरू रुतिलिओ ग्रांदे, यांना एक वृद्ध आणि एक मुलगा यांच्यासह रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. मित्राच्या मृतदेहापाशी रोमेरो रात्री उभे राहिले आणि त्यांचा कायापालट झाला! कथा हृदयस्पर्शी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. परंतु एका रात्रीत माणूस बदलतो असे मानले की त्या रात्रीपूर्वीची साठ वर्षे आणि त्या देशाचे अर्थकारण, दोन्ही नजरेआड होतात.

हा देश अहिल्यानगर जिल्ह्याच्या जेमतेम सव्वापट. १८८१-८२ मध्ये तेथील सरकारने गावांच्या सामाईक जमिनी कायद्याने मोडीत काढल्या आणि त्या कॉफीच्या मळ्यांत गेल्या. १९३० च्या सुमारास देशाच्या निर्यातीपैकी नऊदशांशाहून अधिक वाटा एकट्या कॉफीचा होता. जगातील मंदीने भाव कोसळले, मजुरी कापली गेली, आणि १९३२ मध्ये उठलेल्या शेतकऱ्यांची लष्कराने कत्तल केली. मृतांची संख्या दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत सांगितली जाते. तेव्हापासून जमिनीचा प्रश्न काढणे म्हणजे राजद्रोह, असे समीकरण तेथे रूढ झाले. वर्षातील तीन-चार महिने कॉफीची तोडणी; उरलेले महिने भूमिहीनांनी काय खावे हा प्रश्न कोणाच्या हिशेबात नव्हता.

या व्यवस्थेच्या मधोमध, सान मिगेल शहरात, रोमेरो यांनी १९४४ पासून सुमारे तेवीस वर्षे धर्मगुरू म्हणून काढली. ते स्वतः तारमास्तराचे चिरंजीव. लहानपणी सुतारकामही शिकलेले. गरिबांविषयी त्यांना मनापासून कणव होती. मळेवाल्यांकडून ते देणग्या घेत आणि गरजूंना वाटून टाकत. दोन्ही पक्षांना ते प्रिय होते, आणि यातच सारे आले. दात्याचा पैसा कोठून येतो आणि याचकाची झोळी रिकामी का, हे दोन प्रश्न त्यांनी एकत्र मांडले नाहीत. गरिबांत राहणारा माणूस आपोआप गरिबांच्या बाजूचा होतो, ही समजूत येथे गळून पडते. समाजवाद्यांनाही ती फार प्रिय आहे, म्हणून हे नोंदवायचे.

१९७४ मध्ये ते सांतिआगो दे मारिया या कॉफीच्या डोंगराळ मुलखाचे बिशप झाले. तोडणीच्या हंगामात मजूर रात्री थंडीत उघड्यावर झोपतात हे त्यांनी पाहिले आणि चर्चच्या इमारती त्यांच्यासाठी उघडल्या. जून १९७५ मध्ये त्रेस काय्येस या वस्तीत नॅशनल गार्डने शेतकऱ्यांना ठार मारले, तेव्हा मृतांच्या घरी ते गेले. निषेध मात्र राष्ट्राध्यक्षांना खासगी पत्र लिहून नोंदवला. जाहीर बोलले नाहीत. पुढच्याच वर्षी सरकारने त्या पूर्व भागातील सुमारे साठ हजार हेक्टर जमिनीच्या फेरवाटपाची योजना काढली आणि जमीनदारांनी डोळे वटारताच गुंडाळून ठेवली. खासगी पत्रांना या राज्यव्यवस्थेत किती किंमत आहे, हे त्यानंतर कोणाही विचारी माणसाला उमगावे.

म्हणजे मार्च १९७७ ची रात्र कोऱ्या पाटीवर उजाडली नव्हती. त्या रात्रीनंतर जे बदलले ते रोमेरो यांच्यापेक्षाही त्यांच्या दारात येणाऱ्या माणसांचे मागणे होते. सान मिगेलमध्ये गरीब भिक्षा मागत. आता संघटित झालेले शेतमजूर आणि बेपत्ता मुलांच्या आया न्याय मागत होत्या. भिक्षा देऊन दार लावून घेता येते, नोंद मागणाऱ्याला तसे परत पाठवता येत नाही. रोमेरो यांनी नोंद घेतली. कायदेविषयक मदतीचे एक केंद्र त्यांनी आपल्या कार्यालयाशी जोडून घेतले, तेथे जबान्या लिहून घेतल्या जाऊ लागल्या, आणि दर रविवारी प्रवचनात मारले गेलेल्यांची व पळवले गेलेल्यांची नावे वाचली जाऊ लागली. चर्चच्या नभोवाणी केंद्रावरून ती देशभर ऐकली जात. म्हणूनच त्या केंद्रावर वारंवार बाँब पडले. वृत्तपत्रे जे छापत नव्हती ते आर्चबिशपच्या पदामुळे बोलले गेले. पदाचा असा उपयोग करणारे विरळा!

ग्रांदे यांच्या हत्येनंतरच्या दुसऱ्या रविवारी, २० मार्चला, धर्मप्रांतातील सर्व चर्चमधील मिस्सा रद्द करून कॅथेड्रलसमोर एकच मिस्सा करण्याचा निर्णय त्यांनी घेतला. पोपच्या राजदूताचा विरोध होता. रविवारचे धार्मिक कर्तव्य पार पाडायचे तर मळेवाल्यालाही शेतमजुराच्या शेजारी उन्हात उभे राहणे भाग होते. सुमारे एक लाख लोक जमले. निवासासाठी धनिकांनी देऊ केलेली वास्तू नाकारून ते कर्करोग्यांच्या रुग्णालयाच्या आवारातील साध्या घरात राहिले.

त्यांना मार्क्सवादी ठरवणे ही त्यांच्या मारेकऱ्यांची सोय होती. डाव्यांनी ती उचलण्याचे कारण नाही. गनिमी संघटनांच्या अपहरणांचा व हत्यांचाही त्यांनी निषेध केला. ऑक्टोबर १९७९ च्या सत्तांतरानंतर नव्या सरकारला संधी द्यावी असे त्यांनी म्हटले, तेव्हा डाव्या संघटना संतापल्या. त्यांचा राग अनाठायी नव्हता, हे पुढील तीन महिन्यांत दिसले. देशातील बहुसंख्य बिशप त्यांच्या विरोधात होते. रोमहूनही त्यांना धीर कमी आणि सबुरीचा उपदेश अधिक मिळाला. त्यांच्या तीन वर्षांच्या कारकिर्दीत सहा धर्मगुरू मारले गेले.

फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांना पत्र लिहून लष्करी मदत थांबवण्याची विनंती केली. मदत थांबली नाही. २३ मार्चच्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना, तेही शेतकऱ्यांचीच मुले होती, आपल्याच भावंडांना मारण्याचा हुकूम पाळू नका असे सांगितले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी, रुग्णालयाच्या छोट्या चर्चमध्ये मिस्सा चालू असताना, त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. अंत्ययात्रेच्या गर्दीतही माणसे मेली. त्यानंतरचे यादवी युद्ध १९९२ पर्यंत चालले आणि त्यात सुमारे पंचाहत्तर हजार बळी गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने मार्च १९९३ मध्ये हत्येचा हुकूम देणारा म्हणून रोबेर्तो दोबुइसोन याचे नाव घेतले. तो वर्षभरापूर्वीच वारला होता आणि त्याने स्थापलेला पक्ष सत्तेवर होता. अहवालानंतर पाचच दिवसांत संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा केला. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये रोमने रोमेरो यांना संतपद दिले. त्यांच्या देशातील न्यायालयाने या खुनासाठी अद्याप कोणालाही शिक्षा दिलेली नाही.