व्हिसा संपला म्हणून बाई गुन्हेगार?

लग्न होऊन लंडनला आले आणि माझा पासपोर्ट सासूबाईंच्या कपाटात गेला. व्हिसा कधी संपतो, कुणी सांगितलं नाही. (माहीत असतं तरी काय? मुदतवाढीच्या अर्जाला लागणारे पगाराचे कागद नवऱ्याकडेच होते.) मुदत संपली आणि त्याला आयतं हत्यार मिळालं : 'जा पोलिसांकडे, तुलाच परत पाठवतील!' दोन वर्षं मी मार खाऊन गप्प बसले.

तो खोटं बोलत होता. साउथॉलच्या बायकांनी झगडून १९९९ साली सवलत मिळवली, २००२ मध्ये ती नियमांत आली. ब्रिटिश नागरिकाची बायको म्हणून आलेली बाई छळामुळे संसार मोडल्यास कायम वास्तव्याचा अर्ज स्वतः करू शकते. व्हिसाची मुदत उलटली असली तरीही. २०१२ पासून त्याआधी तीन महिने सरकारी मदत मागता येते. हे मला एका गुजराती शेजारणीकडून कळलं.

मात्र विद्यार्थी किंवा नोकरदार नवऱ्यामागे त्याच्या व्हिसावर आलेलीला २०२४ पासून तीन महिन्यांचा आधार तेवढा मिळतो, कायम वास्तव्य नाही. आपल्याकडच्या कितीतरी मुली अशाच जातात. तिला बसलेला मार काय कमी दुखतो? आपल्या गटांनी या भेदाविरुद्ध तिथल्या बायकांच्या बरोबरीने बोललं पाहिजे. आणि मुलीला पाठवताना दागिन्यांच्या यादीसोबत पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्सही माहेरी ठेवा, बायांनो.